पांढऱ्या नांगीच्या क्रेफिशसाठी सर्वेक्षण-परवाना: माझा अनुभव

क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यात राहणारा, छोट्या शेवंडीसारखा नांग्यांचा जीव. इंग्लंडच्या ओढ्यांत मूळचा क्रेफिश एकच, पांढऱ्या नांगीचा. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण असल्यामुळे तो सर्वेक्षणासाठी हातात घ्यायचा तरी ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी निसर्गसंस्थेचा परवाना लागतो, आणि अर्ज करण्यापूर्वी जाणत्या सर्वेक्षकाच्या हाताखाली काम करून अनुभव मिळवावा लागतो. अर्ज भरण्याचे काम आठवड्याभरात झाले. ओढा वाचायला शिकण्यात माझे दोन हंगाम गेले.

मादी हिवाळाभर अंडी पोटाखाली बाळगते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पिल्ले तिलाच चिकटून असतात, म्हणून त्या दिवसांत दगडांना हात लावायचा नाही. आमचे काम जुलैनंतर सुरू होई. क्रेफिश शेपटी आपटून उलटा पळतो, त्यामुळे एका हाताने दगड सावकाश उचलायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्या मागे जाळी धरायची. प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने सरकत गेले की पायांनी उठलेला गाळ मागे वाहून जातो आणि पुढचे पाणी निवळ राहते. पाहून झाले की दगड होता तसाच परत ठेवायचा, कारण ते त्या जिवाचे छप्पर असते.

माझ्या हाती लागलेला पहिला क्रेफिश जेमतेम बोटाएवढा होता. नांग्यांच्या मागे, पाठीच्या कवचाला धरून तो उलटा केला, तेव्हा नांग्यांची खालची बाजू फिकट, जवळजवळ पांढरी दिसली आणि मानेच्या खाचेमागचे बारीक काटे अंगठ्याला टोचले. त्या ओढ्याचे पाणी चुनखडीतून येणारे होते. कात टाकल्यावर नवे कवच टणक व्हायला लागणारे कॅल्शियम त्यात असते. वरच्या अंगाला दगडांखाली पोकळी होती आणि काठावरच्या झाडांची मुळे पाण्यात उतरलेली होती. त्याच ओढ्यात खाली, जिथे गुरांनी काठ तुडवला होता, तिथे दगड गाळात इतके रुतले होते की उचलल्यावर खाली नुसता ठसा उरे. तिथे आम्हाला एकही क्रेफिश मिळाला नाही.

दुसऱ्या हंगामात माझ्याकडून चूक झाली. बूट आणि जाळी मी निर्जंतुक करून वाळवली होती, पण पिशवीतली दोरी ओलीच राहिली होती. माझ्या मार्गदर्शकांनी ती बोटांनी दाबून पाहिली आणि मला पाण्यात उतरू दिले नाही. मला वाईट वाटले, पण त्यांचेच बरोबर होते. १९७० च्या दशकात खाण्यासाठी पाळायला म्हणून आणलेल्या उत्तर अमेरिकी सिग्नल क्रेफिशच्या अंगावर क्रेफिश प्लेग नावाचा बुरशीसारखा रोग असू शकतो. सिग्नल क्रेफिश स्वतः त्यातून सहसा तगतो, पण मूळच्या क्रेफिशची ओढ्यातली सगळी वस्ती काही आठवड्यांत मरू शकते. हे रोगबीज ओल्या दोरीवरूनही दुसऱ्या पाण्यात पोहोचते.

परवाना हाती आल्यावर मी स्वतंत्रपणे पाहिलेल्या पहिल्याच ओढ्यात एका दगडाखाली तुटलेली नांगी सापडली. तिच्या सांध्यावर निळसर पांढरा ठिपका होता, म्हणजे सिग्नल. नोंद करून मी तिथेच थांबलो आणि दुसऱ्या दिवशीच्या ओढ्याचे काम, सगळे साहित्य निर्जंतुक होऊन दोरीसकट पूर्ण वाळेपर्यंत, पुढे ढकलले.