मन कॉनरचं, अंदाज खबीबचा

बुधवार, ३ ऑक्टोबर २०१८

फाइट तोंडावर आलीये आणि वहीतलं पान अजून कोरंच आहे. प्रत्येक मोठ्या फाइटच्या आधी मी लिहून ठेवतो, कोण जिंकणार, कसं जिंकणार, कितव्या राऊंडला, आणि एकदा पेनाने लिहिलं की खोडायचं नाही हा नियम मीच मला घालून घेतलाय, कारण फाइट झाल्यावर सगळ्यांना सगळं आधीपासून माहीत असतं, मलासुद्धा. वहीत लिहिलेलं असलं की तसं म्हणता येत नाही. पण यावेळी हातच चालत नाहीये. खबीब नुरमागोमेदोव विरुद्ध कॉनर मॅकग्रेगर, युएफसी २२९ (मुठी, लाथा, कुस्ती सगळं चालतं ती मिक्स्ड मार्शल आर्ट्स), लास वेगास, लाइटवेट वजनगटाच्या विजेतेपदाचा बेल्ट. आणि मला कॉनर आवडतो. मनापासून आवडतो. इथेच सगळी अडचण आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये त्याने जोसे आल्डोला १३ सेकंदांत पाडलं तेव्हा मी जागेवरून उठून उभा राहिलो होतो, उठलो कधी तेच कळलं नाही. आल्डो त्याआधी दहा वर्षं हरला नव्हता. तो डावा हात सोडत पुढे आला, कॉनर अर्धं पाऊल मागे सरकला, आणि मागे सरकता सरकताच त्याचा डावा आल्डोच्या हनुवटीवर. एवढंच. मग नोव्हेंबर २०१६ मध्ये एडी अल्व्हारेझला हरवून कॉनर एकाच वेळी दोन वजनांचे दोन बेल्ट असलेला युएफसीतला पहिला माणूस झाला. अशा माणसाविरुद्ध लिहायला हात धजत नाही.

पण ती अल्व्हारेझची फाइट शेवटची. त्यानंतर २०१७ च्या ऑगस्टमध्ये बॉक्सर मेवेदरशी बॉक्सिंग, दहाव्या राऊंडला रेफरीने थांबवली, कॉनर हरला, आणि बस. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं कॉनर केजमध्ये, त्या जाळीच्या रिंगणात, उतरलेलाच नाही, कोणी त्याच्या पायाला हात घातलेला नाही. जिममध्ये रोज घालत असतीलच, पण जिम वेगळी आणि लाइट लागल्यावरचा केज वेगळा.

जुनी पानं चाळत बसलो. नोव्हेंबर २०१५ चं पान निघालं, त्यावर ठळक अक्षरात लिहिलंय, राउझी, आर्मबार (कोपरातून हात ताणायची पकड), पहिला राऊंड. रोंडा राउझी तेव्हा १२-० होती, म्हणजे बारा जिंकलेल्या, हरलेली एकही नाही, आधीच्या फाइट १४ सेकंदांत, ३४ सेकंदांत संपवलेल्या, आणि मेलबर्नला हॉली होमने दुसऱ्या राऊंडमध्ये डोक्यात लाथ घालून तिला झोपवलं. मी तेव्हा राउझीच्या सगळ्या फाइट पुन्हा पुन्हा बघितल्या होत्या. होमची एकही धड बघितली नव्हती. बॉक्सिंगची वर्ल्ड चॅम्पियन, डावखुरी, पाय सतत हलवते, आणि समोरचा सरळ धावून आला तर ती बाजूला होऊन मारते, आणि राउझी तर सरळच धावून येते. हे सगळं समोर होतं. मी बघितलं नाही कारण मला बघायचं नव्हतं.

म्हणून यावेळी ठरवलंय, कॉनरच्या चांगल्या फाइट बघायच्याच नाहीत. खबीबच्या वाईट बघायच्या, आणि कॉनर जमिनीवर गेला तेवढ्याच बघायच्या.

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

काल प्रेस कॉन्फरन्सला कॉनर उशिरा आला, खबीब वेळेवर येऊन बसला, थोडे प्रश्न घेतले आणि उठून निघून गेला. दोघं समोरासमोर आलेच नाहीत. सकाळपासून मित्राचे मेसेज चालू आहेत, "बघ, घाबरला तुमचा खबीब." मी म्हटलं, "अरे तो घाबरला नाही, त्याला वाट बघत बसायचं नव्हतं." तर म्हणतो, "तू कॉनरचा ना रे? मग याची बाजू काय घेतोस?" आता याला काय सांगायचं. बाजू घेत नाहीये, बघतोय.

खरं तर या बडबडीला मी फार किंमत देत नाही. एप्रिलमध्ये ब्रुकलिनला कॉनरने बसवर ढकलगाडी फेकली, आत खबीब बसलेला, काचा फुटून बसमधले दुसरेच फायटर जखमी झाले, ते वाईटच होतं आणि कॉनर आवडत असला तरी मला ते अजिबात पटलेलं नाही. त्यातून राग किती आहे ते कळतं. पण रागाने टेकडाऊन, म्हणजे समोरच्याला धरून जमिनीवर पाडणं, अडत नाही आणि रागाने टेकडाऊन लागतही नाही. आल्डोचा राग कॉनरला उपयोगी पडला, कारण आल्डो रागात सरळ पुढे आला. खबीबला राग आला तर तो काय करेल? पुढेच येईल. पण तो तसाही पुढेच येतो, हसत असला तरी येतो.

आणि एक गोष्ट, 'याने त्याला हरवलं, त्याने त्याला हरवलं' असलं गणित तर मांडूच नये. जोसेफ डफीने २०१० मध्ये कॉनरला एका मिनिटाच्या आत चोक करून, गळा आवळून, हरवलंय. त्या डफीला २०१६ मध्ये डस्टिन पॉरिएने हरवलं. आणि पॉरिएला कॉनरने २०१४ मध्येच पहिल्या राऊंडला झोपवलं होतं. फिरून तिथेच आलो की. कोणाची कुठली गोष्ट कोणाच्या कुठल्या गोष्टीला लागू पडते, एवढंच बघायचं असतं.

तर रात्री बसून चॅड मेंडिस बघितला. जुलै २०१५. मेंडिस पक्का कुस्तीवाला, आल्डोच्या जागी ऐनवेळी उभा राहिलेला, तयारीला जेमतेम दोन आठवडे. आणि तरी त्याने कॉनरला पाडलं, एकदा नाही, चार वेळा. दुसऱ्या राऊंडमधला मोठा वेळ कॉनर पाठीवर आहे आणि मेंडिस वरून कोपरं घालतोय. मग मेंडिस काय करतो, राऊंड संपत आलेला असताना ताबा सोडून गळा धरायला जातो, गिलोटिन. कॉनर त्यातून सुटतो, उभा राहतो, आणि मेंडिसचा दम संपलेला. डावा हात, संपलं. घड्याळात राऊंडचे तीन सेकंद उरलेले.

ते चाळीसएक सेकंद मी सात-आठ वेळा मागे घेऊन बघितले. प्रत्येक वेळी एकच विचार येत होता, खबीब तो गळा धरायला गेलाच नसता. खबीब तिथेच बसला असता.

कारण खबीब काय करतो ते नीट बघायला पाहिजे. आपण म्हणतो पाडतो, पाडतो, पण नुसतं पाडणारे खूप आहेत. पाडल्यावर समोरचा माणूस जाळीला पाठ लावून उठायला बघतो, बरोबर, सगळ्यांना तेच शिकवतात, जाळीला टेक, एक हात जमिनीवर रोव, ढुंगण वर उचल, उठ. खबीब आधी त्याचे दोन्ही पाय स्वतःच्या पायांत अडकवून मोळीसारखे बांधतो. मग तो जमिनीवर रोवलेला हात असतो ना, नेमका त्याचंच मनगट धरतो आणि पाठीमागे ओढून घेतो. आता त्या माणसाकडे पाय नाहीत, एक हात नाही, आणि उरलेल्या एका हाताने तोंड झाकायचं की ढकलायचं हे त्याने ठरवायचं. खबीबचा दुसरा हात मात्र मोकळा. २०१३ मध्ये त्याने एबेल ट्रुहिओला एका फाइटमध्ये २१ वेळा पाडलं, पण मला त्या २१ पेक्षा ही मनगटाची पकड जास्त भीतीदायक वाटते.

कॉनर जमिनीवर असा कधी बांधला गेलेलाच नाही. आणि तो केजमध्ये आजवर तीनदा हरलाय, तिन्ही वेळा सबमिशनने, म्हणजे पकडीत अडकून हार मानून.

आता दुसरी बाजू, हे लिहिलंच पाहिजे नाहीतर पुन्हा राउझीचंच होईल. खबीब उभ्याने कसा आहे? मायकल जॉन्सनची फाइट, नोव्हेंबर २०१६, गंमत म्हणजे कॉनर-अल्व्हारेझ होती त्याच रात्री, त्याच कार्डवर. पहिल्या राऊंडमध्ये जॉन्सनचा डावा लागतो आणि खबीब हलतो, स्पष्ट हलतो. जॉन्सन डावखुरा आहे. कॉनर डावखुरा आहे, आणि कॉनरचा डावा जॉन्सनपेक्षा कितीतरी नेमका आहे. खबीब पुढे येताना हनुवटी वर ठेवतो, हात रुंद फिरवतो. २०१२ मध्ये ग्लेसन टिबाऊने तर त्याला एकही टेकडाऊन लागू दिला नव्हता, जजेसनी खबीबला विजयी केलं पण बऱ्याच जणांना ते अजून पटलेलं नाही. आणि या एप्रिलमध्ये आयाक्विंटा, ज्याला एक दिवस आधी खबीब समोर आहे असं कळलं, तो पाचही राऊंड उभा राहिला की. म्हणजे माणूस अजिंक्य वगैरे नाहीये. २६-० आहे, पण त्या २६ मध्ये भेगा दिसतात.

मात्र जॉन्सनची फाइट पुढे बघा. डावा लागल्यावर खबीबने काय केलं? मागे गेला नाही, पुढे येऊन चिकटला. त्याच राऊंडमध्ये जॉन्सन खाली होता आणि पुढची सगळी फाइट खालीच. तिसऱ्या राऊंडला किमुरा, हात पिळून खांद्यावर ताण देणारी पकड. खाली दाबून मारता मारता तो जॉन्सनशी बोलत होता, सोड म्हणून समजावत होता.

झोप येत नाहीये. पान अजून कोरं.

शनिवार, ६ ऑक्टोबर, रात्र

वजनं झाली. खबीब १५५ पाउंड, कॉनर १५४.५. मला खबीबच्या वजनाचीच धास्ती होती, गेल्या वर्षी मार्चमध्ये वजन उतरवताना तो हॉस्पिटलात गेला होता आणि फर्ग्युसनबरोबरची फाइट आदल्या दिवशी रद्द झाली होती. यावेळी नीट उतरलं. नंतर स्टेजवर कॉनरने त्याच्या हातावर फटका मारला, लाथही उगारली, मधे माणसं पडली. खबीबचा चेहरा बघत होतो. काहीच कळत नाही त्या चेहऱ्यावरून.

आता लिहायला पाहिजे.

कॉनर जिंकायचा तर पहिल्या आठ-दहा मिनिटांत जिंकेल. तेव्हा हात ताजे असतात, अंगाला घाम कमी असतो, खबीब लांबून आत येत असतो, आणि तेवढ्या अंतरात एक डावा बसायला पुरतो. हात लांब आहेत कॉनरचे, चार इंचांनी. पण त्याची उभं राहायची पद्धत, उजवा पाय पुढे, दोन पायांत भरपूर अंतर, त्यातूनच डाव्याला ताकद मिळते आणि तोच पुढचा पाय एकेरी पटासाठी आयता समोर असतो. म्हणजे त्याचं हत्यार आणि त्याची कमजोरी एकाच जागी उभी आहेत. पाय जवळ घेतले तर पट चुकेल पण डाव्यात दम राहणार नाही. हे मला काल रात्री दोन वाजता दिसलं आणि त्यानंतर मला कॉनर जिंकताना दिसेना झाला. प्रयत्न केला. डोळे मिटून ते आल्डोवालं अर्धं पाऊल डोळ्यासमोर आणलं, समोर आल्डोच्या जागी खबीब ठेवला, आणि दरवेळी खबीब हनुवटीच्या उंचीवर नसतोच, गुडघ्याच्या उंचीवर असतो.

आणि दम. नेट डियाझबरोबर मार्च २०१६ ला दुसऱ्या राऊंडमध्ये कॉनर थकला, मार लागला, घाबरून स्वतःच टेकडाऊनला गेला आणि गळा देऊन बसला. ऑगस्टमधल्या दुसऱ्या फाइटला तो पाच राऊंड टिकला, तिसऱ्यात गाडी थांबलीच होती पण चौथ्यात परत आला, ते त्याचं काळीज आहे, ते मी कधीच नाकारणार नाही. पण डियाझने त्याला खाली घेऊन दहा-दहा मिनिटं अंगावर वजन टाकलं नव्हतं. अंगावर माणूस घेऊन उठायचा प्रयत्न करताना हात जे भरून येतात ते मुठी मारून भरत नाहीत तसे.

लिहिलं. पेनाने.

खबीब. सबमिशन. तिसरा किंवा चौथा राऊंड.

खाली एक ओळ अजून लिहिली: उभ्याने सगळं कॉनरचं, जमिनीवर सगळं खबीबचं.

मित्राला पानाचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "तुला खरंच असं वाटतं?" मी म्हटलं, "वाटतं. उद्या चुकलो तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल."

रविवार, ७ ऑक्टोबर

चौथा राऊंड, ३ मिनिटं ३ सेकंद. मागून मान पिरगाळली, कॉनरने टॅप केलं, हाताने थोपटून हार मानली. अंदाज बरोबर, आणि पोटात गोळा आलेला.

मग खबीब जाळीवरून उडी मारून कॉनरच्या माणसांवर धावून गेला, केजमध्ये दोघंतिघं कॉनरवर तुटून पडले, बेल्टसुद्धा तिथे बांधला नाही. इतकी सुंदर फाइट आणि तिच्यावर हे. आज त्याबद्दल लिहायची इच्छा नाही.

पण ती खालची ओळ चुकली. दुसऱ्या राऊंडमध्ये कॉनर उभा होता, खबीब पट काढणार म्हणून त्याची नजर खाली गेली, आणि वरून खबीबचा उजवा आला, ओव्हरहँड, कॉनर खाली बसला. उभ्याने. खबीबच्या हाताने. आणि तिसऱ्या राऊंडमध्ये उलटं, खबीबला कॉनर खाली नेताच आला नाही, तो राऊंड कॉनरचा. मी दोन खोके करून एकात एक माणूस टाकला होता, आणि पटाची भीती डोक्यात असली की वरचा हात उशिरा दिसतो, हे मी त्या सगळ्या रात्रींत एकदाही लिहिलं नाही, जॉन्सनच्या फाइटमध्ये दिसत असणार, खबीबच्या बार्बोझाबरोबरच्या जुन्या फाइटमध्ये दिसत असणार.

बार्बोझाची फाइट आता लावलीये. पहिला राऊंड. बार्बोझाची नजर कुठे जाते तेवढंच बघतोय.