डोक्याला ८०० रुपये

आज कँटीनमध्ये लोणावळ्याचा बेत ठरत होता. डोक्याला ८०० रुपये. परभणीचा मित्र म्हणाला, "माझं पोट ठीक नाही, तुम्ही जाऊन या." ट्रिप पुढच्या रविवारी, आणि याचं पोट आजच बिघडलं! त्याचे मेसचे पैसे थकलेत हे मला माहीत होतं. तरी गप्प बसलो.

बोलली ती मिझोराममधल्या आयझॉलची मैत्रीण. "लोणावळा कशाला? इथल्याच तळजाई टेकडीवर जाऊ, डबे घेऊन." पहिल्या वर्षी तिला "तू चायनाची का?" विचारणाऱ्यांत मीही होतो. टेबलावरचं अवघडलेपण मात्र आधी तिलाच कळलं.

पुण्यातल्या फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहात आजारी पडलेल्या मॉरिशसच्या मुलाला खिडकीतून जेवण देणारी मुलगी तिथले प्राध्यापक डॉ. शां. ब. मुजुमदारांना दिसली, त्यातून पुढे १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना आधार देणारी सिम्बायोसिस ही संस्था उभी राहिली. सेनापती बापट रोडने तिच्यासमोरून रोज जातो, हे आठवलं मात्र आज.

तर रविवारी तळजाई. ती 'बाई' करून आणणार आहे (मिझोरामची पालेभाजी, आमच्या मॅडम नव्हेत). परभणीकर म्हणाला, धपाटे माझ्याकडे लागले.

पोट बरं झालं म्हणे.