आमची वाटचाल : पेटी आणि तिचे दार

मधमाश्यांच्या पेट्या बनवण्याच्या आमच्या धंद्यात पेटीचे पैसे माणूस देतो, पण ती पसंत करायची असते माशीने. नेमके हेच विसरलेले लोक एका हंगामात आमच्या मुळावर आले.

सुरुवातीचे माझे भागीदार मूळचे सुतार. पोळ्याची चौकट आणि पेटीची भिंत यांच्यात सहा ते नऊ मिलिमीटरच फट हवी, कारण त्याहून कमी असली तर माश्या ती राळेने बुजवतात आणि जास्त असली तर तेथेच पोळे बांधतात, हे लँगस्ट्रॉथ या अमेरिकी मधुपालाने १८५१ मध्ये हेरले होते. भागीदारांनी त्या मापाचा एक ठोकळा कठीण लाकडातून घडवला होता आणि तो ज्या फटीत अडखळे, ती पेटी ते मुकाट्याने उसवून पुन्हा रंध्याखाली घेत. नवा कामगार आजही आधी तो ठोकळा धरायला शिकतो. मधली वर्षे बरी गेली.

मग एका प्रतिस्पर्ध्याने पातळ प्लायच्या, भडक तांबड्या, हाताचा पंजा जाईल एवढ्या दाराच्या पेट्या निम्म्या दरात आणल्या. रंगाला भुलून नवे घर शोधणारा माश्यांचा थवा येतो, असे तो सांगे. माशीला तांबडा रंग दिसतच नाही, हे कोणी त्याला सांगितले नाही. फुलाचा रंग आणि गंध मकरंद शोधणाऱ्या माशीसाठी असतो. घर शोधणारी टेहळणी माशी अंधाऱ्या पोकळीत चालून तिचा आवाका जोखते. मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांच्या प्रयोगांत युरोपीय माश्यांनी सुमारे ४० लिटरची, जमिनीपासून उंच आणि लहान दाराची जागा पसंत केली. आपल्या सातेरी या देशी मधमाशीला त्याहून लहान पोकळीही चालते. एवढे असूनही, आमच्या पेटीत आमिष म्हणून ठेवलेल्या जुन्या पोळ्यामुळे पोळी पोखरणारा मेणपतंग पसरतो अशी आवई उठवली गेली, मागण्या रद्द झाल्या, लाकडाची उधारी थकली आणि रंधायंत्र विकावे लागले.

त्या काळात एका बागाईतदार बाईंनी आगाऊ रक्कम पाठवून नेहमीची मागणी कायम ठेवली. त्यांच्या बागेत आमच्याही काही पेट्या रिकाम्या राहत, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही, कारण टेहळणी माश्या अनेक जागा तोलून त्यांतील एकच निवडतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

विचारले नसले तरी सांगतो: थवा यावा म्हणून टांगलेल्या रिकाम्या पेटीत, म्हणजे आमिषपेटीत, काळपट जुन्या पोळ्याची एकच चौकट ठेवावी, तीत मधाचा थेंब नसावा, नाहीतर मुंग्या आणि लुटारू माश्या आधी पोचतात. दाराशी गवती चहाच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. त्यातील सिट्राल हे गंधद्रव्य कामकरी माश्यांच्या बोलावण्याच्या गंधातही असते. पेटी सावलीत, उंचावर आणि थवे निघण्यापूर्वीच टांगावी.

प्रतिस्पर्ध्याच्या नव्या पेट्यांचे दार आता आमच्याच मापाचे आहे. रंग मात्र अजून तांबडाच आहे.