आयलंड ओट्यासाठी जमिनीखालून वायरिंग : पाइप टाकण्यापर्यंतचे काम

स्वयंपाकघराच्या मधोमध, कोणत्याही भिंतीला न टेकणारा ओटा बांधायचा आणि छतावरून वायर लोंबवायची नाही, असे ठरले की वीज जमिनीखालूनच न्यावी लागते. आमचे घर तळमजल्यावर आहे. दगडांच्या सोलिंगवर (दगड रचून केलेल्या थरावर) साधारण १०० मिलिमीटरचा पीसीसी (सळ्या नसलेले साधे काँक्रीट), त्यावर सिमेंटच्या मालाचा बेड आणि लादी, अशी जमिनीची रचना असल्यामुळे चर खणण्यात इमारतीच्या मजबुतीला धोका नव्हता. वरच्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये मात्र लादीखाली आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटचा) स्लॅब असतो आणि त्याला कटर लावू नये. तेथे लादीखालच्या बेडमध्ये पाइप मावत असेल तरच हा विचार करावा. काही नव्या इमारतींच्या स्लॅबमध्ये ताण दिलेल्या पोलादी केबल असतात, त्यांपैकी एक जरी कापली गेली तरी ते जिवावर बेतू शकते.

ओट्यावर इंडक्शन शेगडी आणि खाली डिशवॉशर येणार आहे. प्रत्येकी २००० वॉट धरले तर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह होतो, म्हणून दोन्हींसाठी डीबीपासून (घरातल्या वीजवाटपाच्या मुख्य बॉक्सपासून) स्वतंत्र सर्किट, स्वतंत्र न्यूट्रल आणि प्रत्येकाला १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच) ठेवला आहे. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हिशेबात बसत होती, परंतु एकाच पाइपात दोन सर्किटे आणि उन्हाळ्यातले ४० अंश तापमान या दोन्हींमुळे वायरची क्षमता कमी धरावी लागते. त्यामुळे मी ४ चौरस मिलिमीटरची वायर निवडली. डीबीपासून ओट्यापर्यंत १४ मीटर अंतर आहे आणि या वायरमुळे तेवढ्या अंतरात व्होल्टेज साधारण सव्वा व्होल्टनेच घटते.

खरा विचार वायरचा नव्हे, पाइपचा करावा लागतो. वायर उद्या खराब झाली किंवा कमी पडली तर ती ओढून बदलता आली पाहिजे, आणि ते पाइप कसा टाकला आहे यावरच अवलंबून असते. म्हणून २५ मिलिमीटरचे, आयएस ९५३७ (वायरिंगच्या पाइपांचे भारतीय मानक) प्रमाणित हेवी गेजचे, म्हणजे जाड भिंतीचे, दोन पीव्हीसी पाइप टाकले. एकात दोन्ही सर्किटांच्या मिळून सहा वायर जाऊनही त्याचा चौथ्या भागाच्या आसपासच भाग भरतो, आणि दुसरा पुढच्या गरजेसाठी रिकामा ठेवला आहे. काटकोनी एल्बो कुठेही लावले नाहीत. पाइपात स्प्रिंग घालून तो मोठ्या गोलाईने वाकवला. भिंतीतून जमिनीत उतरताना एक आणि ओट्याखाली वर येताना एक, एवढेच दोन बाक ठेवले. जमिनीखाली जंक्शन बॉक्स तर मुळीच नाही, कारण लादीखाली गाडलेला जोड पुन्हा कुणाला उघडता येत नाही.

चर खणण्याआधी पाण्याची लाइन कुठून जाते ते प्लंबरकडून नक्की करून घेतले आणि मेन स्विच बंद ठेवला. कटरने पाणी मारत दोन समांतर रेघा पाडून मधला पीसीसी ब्रेकरने काढला. पाणी न मारता कापले तर काँक्रीटची बारीक धूळ थेट फुफ्फुसात जाते, त्यामुळे पाण्यासोबत चांगला मास्कही वापरायलाच हवा. दोन पाइपांमध्ये माल नीट भरला जावा एवढे अंतर ठेवले आणि डिशवॉशरच्या पाण्याचा चर पूर्णपणे वेगळा घेतला. पाइपाची वरची कड तयार जमिनीच्या किमान ५० मिलिमीटर खाली राहते. बुजवण्यापूर्वी दोन्ही भिंतींपासूनची अंतरे टेप लावून फोटोत टिपली, म्हणजे पुढे जमिनीत कुणी ड्रिल मारले तर पाइप कुठे आहे ते आधी पाहता येईल.

आपल्याकडे फरशी बादलीभर पाणी टाकून धुतात, या गोष्टीचा विचार ओट्याच्या टोकाला मी मुद्दाम जास्त केला. दोन्ही पाइप तयार जमिनीच्या १५० मिलिमीटर वर काढून ओट्याच्या बंदिस्त कपाटात संपवले आहेत. सिमेंटचा माल आत जाऊ नये म्हणून तोंडे बुचांनी बंद केली आणि चर बुजवण्याआधीच व्हॅक्यूम क्लीनरच्या ओढीने नायलॉनची दोरी आरपार नेऊन ठेवली.

सध्या पीसीसीवर पाणी मारणे चालू आहे. लादी बसून सुकल्यावरच वायर ओढायच्या आहेत. ते काम आणि डीबीतली जोडणी परवानाधारक वायरमन करणार आहे. उपकरणे जोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासले जाईल आणि १ मेगओहमपेक्षा कमी आकडा आला तर वायर तशीच चालवून घेतली जाणार नाही. दोन्ही सर्किटांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल. सॉकेट ग्रॅनाइटच्या कडेखाली, सिंकपासून दूरच्या बाजूला घ्यायचे आहेत, पण ग्रॅनाइट बाहेर किती येणार हे अजून ठरायचे असल्याने त्या बॉक्सची जागा पुढच्या नोंदीत देईन.