आमच्या डोंगरपडीवर पुन्हा रान उभं करताना

शाहूवाडीत आमची चार एकर डोंगरपड आहे. वर जांभा दगड, वीतभर माती, आणि आजोबांच्या काळी सरपणाला तुटलेल्या झाडांच्या खोडक्या. तिथं रान उभं करायचं म्हणून २०२२ साली मी एका रोपवाटिकेत रोपं सांगितली. टेम्पोतून उतरलं ते निम्मं गिरिपुष्प आणि निम्मी ऑस्ट्रेलियन बाभूळ, दोन्ही बाहेरदेशची झाडं. "लवकर वाढतंय बघा," रोपवाटिकावाला म्हणाला. माघारी धाडली, भाडं मात्र माझ्याच बोडक्यावर.

मग बिया स्वतः गोळा केल्या. जांभळाची बी ठेवून चालत नाही, दोनेक आठवड्यांत तिचा जीव जातो. जांभळं खाल्ली की बी धुवायची आणि पिशवीत लावायची. एकेका बीतून दोन-तीन कोंब आले तेव्हा मी घाबरलोच. तो जांभळाचा स्वभाव निघाला. हिरड्याचं उलट. बाठा दगडासारखा. जाड टोकाकडून कातरून, दीड दिवस भिजवून लावला, तरी पिशव्या कितीतरी आठवडे रिकाम्याच.

२०२३ला पाऊस जून सरत आला तेव्हा आला. जुलैत रोपं लावली. आणि ऑगस्ट! देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. भर पावसाळ्यात घागरीनं पाणी वाहिलं, तरी एकशेऐंशीतली साठ उरली.

ती साठ वणव्यात जाणार, हे दिसत होतं. थोरला भाऊ फौजेत. उत्तराखंडात चिडाची, म्हणजे पाइनची, वाळली पानं, तिकडचं पिरूळ, उन्हाळ्यात कशी पेटतात हे त्यानं पाहिलेलं. बाया ते गोळा करून नेतात म्हणाला. आपल्याकडं पेटायचं काम गवत करतं. पण शेजारच्या मामांना कोण सांगणार?

"मामा, औंदा पेटवू नका."

"आरं, जाळल्याबिगर गवत फुटतंय व्हय?"

वाद घातला नाही. बांधालगतचं दहा फुटी पट्ट्यातलं गवत तुमच्या म्हशींना फुकट, फक्त दिवाळीनंतर मुळापासून कापून न्या, म्हटलं. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, आपोआप झाली, वर राखणदारही मिळाला. फेब्रुवारीत पलीकडचा डोंगर पेटला तेव्हा मामाच ओल्या डहाळ्या घेऊन पट्ट्यावर उभे होते.

पुढच्या पावसानंतर रोपं मोजायला गेलो. बावन्न. पण वरच्या कोपऱ्यात, जिथं मी काहीच लावलं नव्हतं, तिथल्या आंजणीच्या आणि ऐनाच्या खोडक्यांना कमरेएवढे फुटवे आलेले. ते मोजायचं सुचलंच नव्हतं.

यंदा रोपं सांगितली नाहीत. विळे तेवढे धार लावायला दिलेत, एक मामांचा, दोन आमचे.