तगरीच्या मुळ्या

तासगावकडचा द्राक्षबागायतदार, वय ३४. दारू सोडण्यासाठी आमच्या मिरजेच्या वॉर्डात तिसऱ्यांदा आला, तो ओकून ओकून गळालेला. दारू सुटून दोन दिवस झालेले; घाम, थरथर, नेहमीचंच. सिस्टरांनी ओकारीसाठी ऑनडॅनसेट्रॉन भरलं होतं, तेवढ्यात त्याच्या आईनं पदराआडून स्टीलचा डबा काढला. "डॉक्टर, ह्याचा काढा दिलाय त्याला. तगरीच्या मुळ्या हायत."

मी सिस्टरांचा हात धरला. आधी ईसीजी. बघायचं होतं ते क्यूटी अंतर: ठोक्याची वीज सुरू झाल्यापासून हृदय पुन्हा निवेपर्यंतचा वेळ, पट्टीवर टी-लहरीच्या शेवटापर्यंतचा. तो फार लांबला की हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते.

मशीननं छापलेला आकडा वाचून कागद फाइलला लावायची आपल्याकडे सवय आहे, तिची मला चीड येते. हात थरथरत असले की रेषा दातेरी होते आणि मशीन टी-लहरीचा शेवट भलतीकडे धरतं. ठोक्यांच्या गतीनुसार जुळवलेलं क्यूटी त्यानं ४४० छापलं होतं. पेशंटला हात मांड्यांखाली दाबायला लावून पुन्हा पट्टी काढली, लीड दोन या रेषेवर घरं मोजली. बारीक घर ४० मिलिसेकंदांचं. साडेदहा घरं, ४२०. पण ठोके मिनिटाला १००, त्या गतीनुसार आकडा जुळवायला लागतो. बॅझेटच्या सूत्रानं ५४२ आले. ते सूत्र जलद ठोक्यांना आकडा फुगवतं, म्हणून फ्रिडेरिशियाचंही काढलं: ४९८. तरी जास्तच. रक्तातलं पोटॅशियमही कमी, २.९. ऑनडॅनसेट्रॉननं हे अंतर आणखी वाढलं असतं. ते ट्रेमध्ये परत गेलं, मॅग्नेशियम-पोटॅशियम सुरू केलं, रात्रभर मॉनिटर लावला. तिसऱ्या दिवशी पट्टी सुधारली.

काढ्यानं झालं, ओकारीनं की दारूनंच, छातीठोक सांगता येत नाही. पण काढा त्या माउलीला सुचला कुठून, ते मला माहीत आहे.

गुरुवारच्या नातेवाइकांच्या बैठकीत मीच बोललो होतो. गॅबॉनमधल्या इबोगा झुडपाच्या मुळातलं इबोगेन. ते घेतल्यावर आपली हेरॉइनची ओढ गेली, हे हॉवर्ड लॉट्सॉफला १९६२ मध्ये जाणवलं. पण त्यानं माणूस तासन् तास भासांत राहतो, आणि हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडायची वाटही अडते, म्हणजे तेच क्यूटी अंतर लांबतं. त्यात माणसं दगावली आहेत. म्हणून कॅलिफोर्नियात डेव्हिड ओल्सन यांच्या गटानं रेणूची मोडतोड करून टॅबरनॅन्थॅलॉग बनवलं. २०२० च्या त्यांच्या निबंधात उंदरांचं दारू पिणं घटलं, आणि भास होत असल्याची खूण, उंदरांचं ते डोकं झटकणं, दिसली नाही. हृदयाला धोकाही इबोगेनपेक्षा कमी. हे सगळं लांबचं वाटू नये म्हणून मी पुढे म्हणालो, "आपल्या दारातली तगर त्याच कुळातली. तिच्यात कोरोनारिडीन असतं, तसल्याच एका रेणूवरही काम झालंय."

तिनं एवढंच उचललं. एसटी स्टँडवरच्या जाहिरातींतल्या, जेवणात गुपचूप मिसळायच्या पुड्या तिनं आधी दोन वर्षं घातल्या होत्या. त्या विकणाऱ्यांना कुणी हात लावत नाही. त्यामानानं माझं बोलणं तिला भरवशाचं वाटलं असणार.

डिस्चार्जच्या दिवशी तिनं विचारलं, "मग ते बिनधोक्याचं कवा मिळंल?"

मी उंदरांचं पुन्हा सांगितलं, माणसांपर्यंत यायला किती चाळण्या असतात तेही. ती ऐकत होती. नखांत अजून माती होती. म्हणाली, "देवाला रोज वाहते मी तगर. तीच घातक निघंल, असं कसं वाटंल मला?"

उद्या गुरुवार. डबा माझ्या टेबलावर आहे, मुळ्या सुकल्यात. बैठकीत तो उघडून दाखवायचा, असं आज संध्याकाळी ठरवलंय.