गेला एकदाचा

रविवार, ११ सप्टेंबर २०२२, ओमाहा

स्कॉट फ्रॉस्टला काढलं, आमच्या नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या कोचला. दुपारी फोनवर बातमी वाचली, ही आतून म्हणाली, "बरं झालं, गेला एकदाचा, आता तरी शनिवारी घरात आरडाओरडा होणार नाही." मी काही बोललो नाही. काल रात्री मॅच बघून लिंकनहून गाडी चालवत येताना मी स्वतः त्या माणसाला काय काय बोललोय ते तिने सगळं ऐकलंय, त्यामुळे आता तोंड पाडून बसायला मला जागाच नाही. तरी बसलोय.

कालच्या मॅचचं म्हणाल तर ते दुःख आता जुनं झालं. जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२. घरच्या मैदानावर ३५ किंवा जास्त पॉईंट केले की नेब्रास्का हरतच नाही, २१४ पैकी २१४, आणि आपण ४२ करून हरलो!! ६४२ यार्ड दिले त्यांना. आपली डिफेन्स म्हणजे लग्नाच्या हॉलच्या दारात गुलाबपाणी शिंपडायला उभी असल्यासारखी, या या, आत या. शेवटची ३६ सेकंद राहिलेली तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक स्वतःच बॉल घेऊन आत शिरला. मग आपली ५२ यार्डांची फील्ड गोल, ती पण गेली बाहेर.

आणि त्याआधी डब्लिनच्या मॅचला २८-१७ पुढे असताना ऑनसाइड किक, म्हणजे बॉल आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली छोटी, धोक्याची किक. कोणी सांगितली होती? गेल्या वर्षी ३ जिंकल्या, ९ हरल्या, नऊच्या नऊ हारी नऊ किंवा कमी पॉईंटने. याच्या काळात एका स्कोअरच्या फरकाच्या मॅचेस ५ जिंकल्या, २२ हरल्या, इतक्यांदा झाल्यावर त्याला नशीब नाही म्हणत. आधीच्या नोकरीत फ्लोरिडात चालला तो झटपट ऑफेन्स इथे बिग टेन लीगमध्ये चालेल हे गृहीतच धरलेलं. आमचा जुना कोच ऑस्बोर्न, त्याच्या वेळी बॉल कुठून पळणार हे अख्ख्या स्टेडियमला माहीत असायचं आणि तरी कुणाला अडवता यायचं नाही. (हे मी यूट्यूबवर बघून सांगतोय, १९९७ ला मी साताऱ्यात होतो आणि फुटबॉल पायाने खेळत होतो.)

पण मग वाईट कशाचं वाटतंय?

हा फ्रॉस्ट इथल्याच वुड रिव्हर गावचा पोरगा, १९९७ ला नेब्रास्काकडूनच खेळून चॅम्पियन झालेला, बाहेर जाऊन नाव काढून २०१७ च्या डिसेंबरात घरी परत आला. तेव्हा मी बाबांना फोनवर सांगितलं होतं, इथला मुलगा परत आलाय कोच म्हणून. बाबा म्हणाले, "बरं केलं त्याने." नंतर दोघंही काही बोललो नाही, मग मी पावसाचं विचारलं.

१६ जिंकल्या, ३१ हरल्या. याच्या आधीचा कोच रायली हरायचा तेव्हा आम्ही एवढे चिडायचो नाही, तो बाहेरचाच होता. याला मात्र पहिल्या दिवशी डोक्यावर घेतला आणि काल त्याच लोकांनी... मी पण त्यातच. आणि सगळ्यात लागलं ते पैशाचं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर पंचाहत्तर लाख डॉलरमध्ये भागत होतं, आज काढला म्हणून दीड कोटी. म्हणजे घरच्या मुलाला अजून तीन आठवडे बघायला नको म्हणून वरचे पंचाहत्तर लाख! एवढा नकोसा झाला?

हे दोनदा वाचलं आणि मग हसूच आलं. मला कोणी नकोसा झाला म्हणून दीड कोटी डॉलर देत असेल तर मी आज रात्रीच बॅगा भरतो, साताऱ्याला जाऊन दोन वर्षं नुसता गॅलरीत बसेन. त्याची काळजी मी कशाला करतोय, त्याचं बरं चाललंय.

बाबांना सांगायचं का हे? तिकडे सोमवार उजाडला असेल. राहू दे, ते विचारणार नाहीत.

शनिवारी ओक्लाहोमा. हेलियमची टंचाई म्हणून यंदा पहिल्या स्कोअरला प्रेक्षक सोडतात ते लाल फुगे पण नाहीत. तात्पुरता कोच म्हणून मिकी जोसेफ सांभाळणार, बाकी डिफेन्स तीच, टॅकलिंग तेच. ग्रुपवर एकाने दोन तिकिटं निम्म्या किमतीला काढली होती, जेवायच्या आधी घेऊन टाकली. १९६२ पासून स्टेडियम भरतंय, आता माझ्यामुळे रिकामं कशाला. हरणार हे नक्की आहे. पण समजा टॉस जिंकला, आणि पहिल्याच ड्राईव्हला सात पॉईंट आले, तर...